हात सोडला की कळतं

उस्ताद मोटारीला ‘अहो’ म्हणायचा आणि माणसाला ‘अरे’. माणूस धान्याच्या मोंढ्यातला हमाल असो की जहागीरदार, त्याच्या तोंडी सगळे ‘अरे’. मोटार शेडात आली की आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि माहेरी आलेल्या लेकीला विचारावं तसं विचारायचा, “काय हो बाई, कुणीकडं वढून राह्यल्या?” मग मालकाकडं वळून, “अरे, तू काहून नुसता उभा हायेस? जॅकचा दांडा धर.”

आणि मालक दांडा धरायचा हो! निजामाच्या अमदानीत ज्याला रस्त्यानं जाताना लोक कमरेत वाकून सलाम ठोकायचे, असा माणूस शेरवानीच्या बाह्या वर सारून जॅक मारताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. न धरून सांगतो कुणाला? पुढच्या चाकांचा रोग ओळखणारा दुसरा माणूस तेव्हा जालन्यात नव्हता, आणि उस्तादाचा नियमच होता की ज्याची मोटार त्याचे हात आधी काळे झाले पाहिजेत. त्याशिवाय तो पान्याला शिवायचा नाही.

मूळचा जाफराबादकडचा. बाप बैलगाडीची चाकं करणारा सुतार. हा पोरवयात घरातून निघाला, सिकंदराबादेला मोटारीच्या कारखान्यात राहिला, तिथल्या गोऱ्या फोरमनशी भांडला आणि परत आला. का भांडला, ते दर खेपेला वेगळं सांगायचा. एकदा म्हणाला, फोरमन बापावरून बोलला. एकदा म्हणाला, फोरमन स्क्रू चुकीच्या बाजूला फिरवत होता. मला तर दुसरंच कारण खरं वाटतं. जालन्याला आल्यावर कादराबादेत पत्र्याचं शेड टाकलं आणि बसला. बाराही महिने अंगात जाड खाकी कोट. वैशाखातसुद्धा. कोणी विचारलं, “उस्ताद, उकडत न्हाई का?” की म्हणायचा, “उकडतं. मंग?”

त्याची सायकल होती, तिचं हँडल वाकडं. इतकं वाकडं की लांबून वाटायचं, हा माणूस नदीकडं चाललाय, आणि यायचा बरोबर मोंढ्यात. लोक टोमणे मारायचे. सगळ्या गावाच्या मोटारी सरळ करतो आणि स्वतःचं वाहन बघा! तो म्हणायचा, “ती माझी हाये. गिऱ्हाइकाची न्हाई.” झालं! यावर काय बोलणार तुम्ही?

आता परीक्षेचं सांगतो. मोटार एका बाजूला ओढते, अशी तक्रार आली की तो मालकाला शेजारी बसवून मोटार अंबडच्या सडकेवर न्यायचा. तिथं एक लांब सरळ पट्टा होता. पट्टा लागला, मोटारीनं जरा वेग घेतला की उस्ताद स्टेरिंग सोडून द्यायचा आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालायचा! शेजारचा मालक देवाचा धावा करतोय, पाय वर घेतोय, आणि हा शांतपणे समोर बघत बसलाय. मोटार कुठं भरकटते, किती झपाट्यानं भरकटते, ब्रेक मारल्यावर जास्त ओढते की नुसती चालताना, हे सगळं तो बुडाखालच्या गादीतून वाचायचा. अगदी कडेला गेली की एक बोट काढून स्टेरिंगला लावायचा.

“धरून ठेवलं तर गाढव बी सरळ चालतं,” म्हणायचा. “हात सोडला की कळतं, कोण कसं हाये ते.”

सडकेवरून परत आला की मग बाकीचं. दोन्ही चाकांत हवा सारखी आहे का. डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं घालून ओढ बाजू बदलते का, बदलली तर रोग टायरात. ब्रेकचा डबा हाताला कढत लागतो का. कमानीचा पाटा मोडून आख मागं सरकलाय का. डोळे मिटून टायरावरून तळहात पुढं न्यायचा, मग मागं आणायचा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलटीकडून खरखरीत लागलं, मांजरीच्या पाठीसारखं, की हं करायचा. शेवटी जॅकवर चाक उचलून, वरून एका हातानं आणि खालून एका हातानं धरून ते हलवायचा. पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर डावं-उजवं वळतं, तिला किंगपिन म्हणतात. दाराला बिजागरी तशी चाकाला ती. ती झिजली की चाक डगडगतं. पण त्याआधी सगळं घासलेटनं धुऊन घ्यायचं. “आधी धू, मंग हलव, मंग बोल,” हा त्याचा मंत्र होता. आणि एक सांगायचा, “जिकडं वढती तिकडंच दुखतं असं न्हाई. डावीकडं वढती म्हणून येडे डावं चाक खोलून बसतात. दुखणं उजवीकडं ऱ्हातं.”

सलाम मात्र त्याला सोसायचा नाही. कोणी अंमलदार शेडाकडं येताना दिसला की हा पाठीवर पडून मोटारीखाली सरकायचा. बाहेर नुसते दोन पाय. पाय काही सलाम करत नाहीत! एकदा पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला. हुशार माणूस होता, त्यानं ओळखलं. त्यानं खुर्ची मागवली आणि मोटारीसमोर बसला, म्हटलं बघू कधी निघतो. उस्ताद निघेना. अमीनानं चहा मागवला. मोटारीखालून आवाज आला, “एक खाली बी सरकव.” अमीन हसला म्हणून निभावलं, नाहीतर त्या दिवशी शेडाला कुलूप होतं. शेवटी अमीनच उठून गेला. उस्ताद बाहेर आला, पाठ झटकली आणि म्हणाला, “चहात साखर कमी होती.”

असा हा माणूस. मला तो आवडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कौतुक वाटायचं, पण आवडायचा नाही. सदा नाकावर राग, आणि जिभेला हाड नाही. “माझा हात चुकत न्हाई” हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की एखाद्या दिवशी त्याचा हात खरंच चुकावा असं मला वाटायचं. चुकला, तेव्हा त्याच्याखाली सापडलो मी.

मी स्टेशनाजवळच्या एका जिनात डायवर होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. मालक मारवाडी सेठजी, तीन पिढ्यांपासून जालन्यात; घरात मारवाडी, मोंढ्यात मराठी, कचेरीत उर्दू. माणूस वाईट नव्हता. पण मोटार म्हणजे बिनबैलाची गाडीच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. जिनात बैलगाड्यांच्या आखाला वंगण घालायला एक म्हातारा गाडीवान होता. एरंडेल आणि काजळी मळून केलेलं काळंकुट्ट घट्ट वंगण. सेठजींनी त्याला सांगून ठेवलेलं, रोज सकाळी मोटारीला पण घालत जा, तिचे पण सांधे दुखत असतील! म्हातारा मोठा इमानी. बोटानं दाबून दाबून, जिथं भोक दिसेल तिथं भरायचा. मी सांगून थकलो.

ही मोटार डावीकडं ओढायला लागली. सेठजींनी काय उपाय केला माहीत आहे? जिनातले मुनीमजी अंगानं भारी होते. बैलगाडी एका अंगाला झुकली की दुसऱ्या अंगाला ओझं टाकतात ना, तसं सेठजी मुनीमजींना रोज उजवीकडं, माझ्या मागं बसवायला लागले. काम नसताना! बिचारे मुनीमजी वह्या सोडून वजन म्हणून अंबडला जाऊन यायचे. ओढ काही जाईना. मग नवीन टायर घातले. जुन्या टायरांपैकी एक सेठजींच्या नातवंडांनी पळवला आणि जिनातल्या कडुलिंबाला झोका बांधला. नवे टायर घालूनही दुपारच्याला मोटार डावीकडं जायचीच. मी हट्टच धरला, उस्तादाला दाखवा.

पौषातली सकाळ होती. हात बधिर होतील अशी थंडी. उस्तादाला शेडातून खास बोलावून आणलेलं, म्हणून जिनाच्या फाटकात ही गर्दी. हमाल, गाडीवान, शेजारच्या दुकानातले मारवाडी. सेठजींनी जॅक मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद खुलला. गर्दी दिसली की तो खुलायचा, हा त्याचा एक रोगच होता. हवा बघितली. नव्या टायरावरून हात फिरवला, नवा टायर काय सांगणार? चाकं हलवली. डावं हलवलं, उजवं हलवलं. गच्च! पडवीत घासलेट होतं, ते आणायला मी निघालो तर म्हणाला, “कशाला? या हाताला धुवून दाखवायची गरज न्हाई.” मोटार सडकेवर नेली, हात खिशात घातले, मोटार सरळ गेली. सकाळी ती सरळच जायची. मी तेच तर सांगत होतो!

परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, “मोटार ठणठणीत हाये. डोळे मिटून चालवा.”

मी म्हणालो, “उस्ताद, दुपारच्याला वढते. माझं मनगट सांगतं.”

“मंग मनगटाला पट्टी बांध.” गर्दी हसली. “मोटार वढत न्हाई, तुझा हात वढतो. नाचता येईना अंगण वाकडं!”

पुढं महिना-पंधरा दिवस जिनातली पोरंसोरं मला ‘अंगण’ म्हणून हाका मारायची. रागानं माझं डोकं फिरायचं, पण करता काय? उस्तादानं सांगितलं म्हणजे ब्रह्मदेवानं लिहिलं.

आणि मग ते झालं. सेठजींचे जावई पाहुणे म्हणून आल्ते, त्यांना दुपारी अंबडला घेऊन निघालो. ऊन चढलेलं. मोटार सारखी डावीकडं मान टाकून राह्यलेली. नाल्यावरच्या फरशीच्या पुलापाशी समोरून कापसाची गाडी आली. तिला वाट द्यायला मी डावीकडं घेतलं. घेतलं ते घेतलंच. परत फिरवतोय तर चाक ऐकेना, मोटार कठड्याकडं खेचत गेली, कठडा फुटला आणि आम्ही कोरड्या नाल्यात डाव्या अंगावर. उजवं चाक वर आभाळात गरगर फिरत होतं. मला खरचटलं. जावयाचा पाय मोडला.

मारवाड्याच्या घरात जावई म्हणजे देव, आणि देवाचा पाय मोडला होता. कोणीतरी दोषी लागतोच ना? डायवरला डुलकी लागली, असं ठरलं. मोटार तर चांगलीच होती, खुद्द उस्तादानं चारचौघांत सांगितलेलं. अमीनानं माझं लायसन काढून घेतलं आणि मला अंबडच्या हवालातीत टाकलं. खटला उभा राहिला. साक्षीदार कोण? उस्ताद. शाबित झालं असतं तर मी तुरुंगात जाणार होतो, आणि सुटून आल्यावर हातात पुन्हा कधी स्टेरिंग आलं नसतं. मला दुसरं काय येत होतं? शेत नाही, दुकान नाही. घरी बायको, तिला सातवा महिना. कोठडीत बसून मी उस्तादाला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

यापुढचं मला बायकोनं सांगितलं. ती बाई साधीसुधी दिसायची, पण तिच्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता. ती तशा दिवसांत पायी चालत उस्तादाच्या शेडात गेली. तो मोटारीखाली होता. ती बाहेरच्या दोन पायांशी बोलली.

“दादा, बाहेर या.”

“काम करून राह्यलो, वहिनी.”

“मंग तिथंच ऐका. तुमचा हात चुकत न्हाई म्हणता. मंग माझा माणूस खोटा बोलतो का?”

खालून पान्याची ठकठक वाढली.

“दोन्ही तर खरं न्हाई ना होऊ शकत? रोज रात्री त्याच्या हाताला मी तेल चोळलंय. सकाळी कव्हाच दुखायचा न्हाई. दुपारची फेरी करून आला की मनगट सुजायचं. माणसाचा हात सकाळी चांगला आणि दुपारी लबाड असतो का? तुम्हीच सांगा!”

पाय हलले. उस्ताद बाहेर आला. तोंड काळवंडलेलं, म्हणजे तेलानं काळं होतंच, त्यातून. म्हणाला, “काय म्हणाल्या? सकाळी न्हाई, दुपारी?” तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारला. “वंगण!” एवढंच म्हणाला, घासलेटची बाटली आणि जॅक उचलला आणि त्या वाकड्या सायकलीवर बसून निघाला. बायकोला ना बस म्हणाला ना जा.

मोडकी मोटार ओढून जिनात आणून टाकलेली. फाटकावरच्या चौकीदारानं अडवलं, आत सोडायचा हुकूम नाही. उस्ताद म्हणाला, “मी विचारून राह्यलो न्हाई, सांगून राह्यलो,” आणि घुसला. ऐन दुपारचं ऊन. पत्रा हात लावू देत नव्हता. डाव्या बाजूकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही, ती तर चेपलेलीच होती. उजवं चाक हलवलं. थोडं हललं. मग घासलेटनं सगळं वंगण धुऊन काढलं आणि पुन्हा हलवलं. चौकीदार पुढं मला सांगत होता, म्हाताऱ्या माणसाचा दात हलावा तसं ते चाक हललं. वंगण थंडीत गोठून गच्च बसायचं आणि किंगपिनेची झीज झाकायचं. उन्हात वितळलं की चाक मोकळं, वरून आत कललेलं, मोटार डावीकडं. थंड सकाळी, न धुता, टाळ्यांच्या गर्दीत त्यानं चाक हलवलेलं. स्वतःचा मंत्र स्वतःच मोडला होता. तिथून उठला तर समोर लिंबाला झोका. त्यावर पोरगं बसलेलं. त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि टायरावरून हात फिरवला.

खटल्याच्या दिवशी मला हातकडी घालून अंबडच्या अदालतीत आणलं. सेठजी, मुनीमजी, सगळे हजर. उस्तादाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात बाहेर पोरांचा गलका. खिडकीतून बघतो तर काय, उस्ताद भर बाजारातून टायर ढकलत येतोय! लहान पोरं चाक पळवतात तसं. मागं अर्धं अंबड. जालन्याहून येणाऱ्या सर्विस मोटारवाल्यानं टायर आत घेऊ दिला नाही, तर उस्तादानं तो टपावर टाकून आणला आणि उतरल्यापासून गडगडत अदालतीपर्यंत. चपराशानं दारात अडवलं. “साक्षीदार हाये,” म्हणाला. चपराशी म्हणाला, “तू साक्षीदार, पण हा?” “हा बी.”

मुन्सफ वयस्क माणूस होता, शांत. कामकाज उर्दूत चालायचं. उस्तादाला उर्दू फडाफड यायची, पण म्हणाला, “मी मराठीत बोलीन. मोटारीखाली मी मराठीत विचार करतो.” मुन्सफांनी मान हलवली.

सेठजींच्या वकिलानं विचारलं, “पौषात तुम्ही ही मोटार तपासली?”

“तपासली.”

“मोटार ठणठणीत आहे, असं सगळ्यांसमोर म्हणालात?”

“बराबर. मीच म्हणालो.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं. वकील बसायला वळला.

“बसू नको, अरे,” उस्ताद म्हणाला. “पुरं झालं न्हाई. मी म्हणालो, आणि ते चूक होतं. अंगण वाकडंच होतं. लिहून घे.”

वकील म्हणाला, “तुमच्यावर कोणी दबाव आणला?”

“मला दबवणारा अजून जन्माला यायचाय.”

“उस्ताद, गावात सगळे म्हणतात, तुमचा हात चुकत नाही.”

“तेच तर!” उस्तादाचा आवाज चढला. “माझी चूक काढायची लायकी सगळ्या जालन्यात कोणाची न्हाई. म्हणून मलाच यावं लागलं ना! दुसरा कोणी असता तर मी घरी झोपलो असतो.”

कोटाच्या खिशातून त्यानं रुमालात गुंडाळलेली किंगपिन काढली आणि मुन्सफांसमोर ठेवली. “नख फिरवून बघा.” बघा म्हणाला! ‘अरे’ म्हणाला नाही, एवढं मला त्या गडबडीतही जाणवलं. मुन्सफांनी नख फिरवलं. मधे खाच होती, नख अडकलं. ते म्हणाले, “पण मिस्त्री, ही झीज नाल्यात पडल्याच्या धक्क्यानं झाली नसेल कशावरून?”

उस्तादाचा चेहरा असा उजळला की काय सांगू! “हा! हा सवाल बराबर हाये. इतक्या वर्षांत एका मालकानं हा सवाल केला न्हाई.” आणि दाराशी टेकवलेला टायर गडगडत पुढं आणला. “धक्क्यानं खिळी वाकती, तुटती. अशी चकचकीत झिजत न्हाई. आणि पडली ती डाव्या अंगावर, ही खिळी उजव्या चाकाची. त्यातून बी शंका असंल तर हा बघा, याच चाकाचा, पडायच्या लई आधी काढलेला टायर. आतली कड टक्कल, बाहेरची नवी. एका धक्क्यात टायर झिजतो का? महिन्यांमागून महिने चाक आत कललं होतं. या डायवरनं सांगितलं. मी ऐकलं न्हाई.”

वकील चिडला. म्हणाला, “म्हणजे जावईसाहेबांचा पाय तुमच्या हलगर्जीनं मोडला. मग आरोपीच्या जागी तुम्ही उभे राहा!”

“सरक रे,” उस्ताद मला म्हणाला, आणि खरंच माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हात खिशात घालून. सडकेवर मोटार सोडून द्यायचा ना, अगदी तसा. मला तेव्हा त्याचा इतका राग यायला हवा होता, आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर, हातकडीसकट.

मुन्सफांनी मला सोडलं, लायसनही परत दिलं. उस्तादाला ताकीद दिली. त्यानं ती अशी ऐकली की जणू दुसऱ्या कोणाला चाललीय. पण त्याचं जे जायचं होतं ते गेलं. मोंढ्यातले सेठ, जहागीरदार, ज्यांनी ज्यांनी त्याच्यापुढं जॅक मारला होता, ते सगळे आता मोकळेपणानं हसले. उस्तादाचा हात चुकला म्हणे! बरेच जण मोटारी औरंगाबादेला नेऊ लागले. त्यानं ती झिजकी किंगपिन तारेनं शेडाच्या दारात टांगली, लोक लिंबू-मिरची टांगतात तिथं. खाली पत्र्यावर खडूनं लिहिलं: ‘येथे एकदा चूक झाली आहे.’ आणि जो येईल त्याला विचारायचा, “तुझ्या मिस्त्रीच्या दारात हाये का अशी?”

सेठजींची मोटार त्यानं स्वतःहून दुरुस्त केली. सेठजी नको म्हणत होते. हा रोज जाऊन जिनात बसायचा, चौकीदारानं हाकललं तरी. शेवटी सेठजीच वैतागले. नव्या किंगपिना बसल्या, आख सरळ झाला, म्हाताऱ्या गाडीवानाला मोटारीच्या जवळ यायची बंदी झाली. सेठजींनी मला परत कामावर घेतलं, कारण मोटार चालवायला दुसरं होतं कोण? पण खरं सांगू का? मला स्टेरिंगला हात लावायचा धीर होईना. बसलो की तो कठडा दिसायचा. बायकोला दाखवत नव्हतो, पण तिला कळलंच होतं.

एका दुपारी उस्ताद आला आणि मोटारीत शेजारी बसला. “चल.”

“कुठं?”

“अंबडच्या सडकेला. भर दुपारीच जायचं, सकाळी न्हाई.”

निघालो. माझे हात इतके घट्ट की बोटं पांढरी. सरळ पट्टा लागला. पुढं तो पूल, नव्या विटांचा कठडा लांबूनच दिसत होता.

“हात सोड,” तो म्हणाला.

“न्हाई उस्ताद. जमणार न्हाई.”

“मी धुतलंय, हलवलंय, मंग बोलून राह्यलो. सोड.”

मी सोडले. मोटार एकदा हलली, आणि सरळ गेली. पुलावरून सरळ गेली, दोन्ही कठड्यांच्या मधोमध, जशी दोरी धरून कोणी ओढतंय. पलीकडं गेल्यावर मी शेजारी बघितलं. उस्ताद समोरच बघत होता. त्याचे हात मात्र खिशात नव्हते. दोन्ही हात स्टेरिंगपासून वीतभर अंतरावर, चुकलंच तर झडप घालायच्या तयारीत.

माझं लक्ष गेलेलं त्याला कळलं. हात खिशात घातले.

“अदालतीत मी माझी चूक सांगितली,” तो म्हणाला. “तुझं बराबर होतं, हे तुला तोंडावर सांगितलं न्हाई. ते येगळं असतं. आता सांगितलं. पुन्हा विचारू नको.”

मी पुन्हा कधी विचारलं नाही.